नाही म्हणता न येणारे साहेब

पृथ्वीच्या पाठीवर ‘नाही’ हा शब्द ज्याला उच्चारताच येत नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि तो दुबईच्या खाडीवर इंजिनं विकायला आला होता. ज्या विक्रेत्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही त्याच्यावर शेठ लोक खूश असतात, आमचेही होते. पुढ्यात काय वाढून ठेवलं आहे ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबई तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांना चिकटून वसलेलं, वाळूच्या रंगाचं गाव होतं. मी दाभोळच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, दुबईच्या देरा भागातल्या एका दुकानात क्लार्क. लाकडी लाँचींना लागणारे दोर, रंग, खिळे असलं सामान आमचे शेठ विकायचे. शिडावरच्या लाँचींना डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली तशी शेठनी जपानी इंजिनांची एजन्सी घेतली आणि इंजिनांच्या पेट्यांबरोबर कारखान्याने हे साहेब पाठवून दिले. चाळिशीचा, बारकेला, चष्मेवाला माणूस. कडक उन्हात टाय लावून धक्क्यावर उतरला आणि समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करत सुटला. शेठना केला, मला केला, पेट्या उचलणाऱ्या हमालांना केला, आणि हमालांच्या मागे उभ्या असलेल्या गाढवाच्या मालकाला करताना गाढवालाही अर्धा नमस्कार मिळाला.

त्यांनी आपलं नाव त्याच दिवशी सांगितलं होतं. पण दर दोन वाक्यांनी त्यांच्या तोंडून ‘सुमिमासेन’ असा शब्द यायचा, तेव्हा लोकांनी तेच नाव समजून त्यांना ‘सुमी साहेब’ केलं. सुमिमासेन म्हणजे माफ करा. सुमिमासेन म्हणजे आभारी आहे, आणि जरा बाजूला होता का, असाही त्याचा अर्थ होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. “साहेब, मग हे तुमचं नाव नाही हे तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?” असं मी विचारलं तर ते नुसतेच हसले. सांगायचं तर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा तीन वर्षं ते ‘माफ करा’ या नावाला ओ देत राहिले.

जपान्यांबद्दल आमची प्रत्येकाची मतं आधीच ठरलेली होती. शेठ म्हणायचे, जपानी माल म्हणजे दोन महिन्यांत मोडणारा माल; पण तो विकायचा असल्यामुळे हे मत ते गुजरातीतूनच मांडत. आमच्या मेसचा स्वयंपाक करणारे हुसेन चाचा लढाईत मलायाच्या बाजूला बोटीवर होते आणि जपान्यांनी ती बोट बुडवली होती. जपानी माणूस हसतो तेव्हा त्याच्या पोटात काय आहे ते सैतानालाही कळत नाही, असं ते सांगत. खाडीवरच्या म्हाताऱ्या अरबांचा राग तर वेगळाच. जपान्यांनी मोती शेतात पिकवल्यासारखे पिकवले आणि इथला पाणबुड्यांचा धंदा खलास झाला, हे त्यांनी आपल्या घरात पाहिलेलं. साहेबांना या सगळ्याची कल्पना असावी, कारण कारखान्याने त्यांनाही पढवूनच पाठवलं होतं. अरबांना डावा हात चालत नाही असं कोणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं, म्हणून पहिला आठवडाभर त्यांनी डावा हात खिशातून बाहेरच काढला नाही. एका हाताने इंजिन बसवणारा मेकॅनिक पाहायला अर्धा बाजार लोटला होता. शेवटी लाँचेच्या एका नाखव्याने, म्हणजे कप्तानाने, हळहळून मला विचारलं, “बिचाऱ्याचा हात लढाईत गेला काय?”

ते आमच्याच मेसमध्ये राहायचे. शेठनी त्यांच्यासाठी वेगळी खोली पाहिली होती, पण एकट्याला खोली म्हणजे बाकीच्यांना अडचण, असं काहीतरी त्यांनी पुटपुटून सांगितलं आणि आम्हा कोकणी पोरांमध्ये सतरंजी टाकली. चपला दाराबाहेर काढायची पद्धत पाहून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. आपलेच लोक भेटल्यासारखे ते त्या चपलांकडे पाहत होते. वेळेचे इतके पक्के की कुठेही अर्धा तास आधी पोचायचे, आणि यजमानाला अडचण नको म्हणून तो अर्धा तास बाहेर उन्हात उभे राहायचे. दुकानातल्या टेलिफोनवर बोलतानाही वाकायचे. वरच्या फळीला डोकं आपटायचं, मग फळीची माफी मागायचे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांना मासळी आवडत नव्हती. जपानी माणूस कच्ची मासळी खातो हे ऐकून चाचांनी पहिल्या रात्री मोठ्या दिलाने एक अख्खी सुरमई न शिजवता बाजूला ठेवली होती. साहेबांनी ती पाहिली, दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली आणि म्हणाले, “थोडा मुश्किल है.”

हे त्यांचं वाक्य. हिंदी ते आमच्यातच शिकले आणि त्यात सगळ्यात आधी हेच शिकले. त्यांच्या मुलखात समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याची पगडी उडवण्यासारखं. शहाणा माणूस दातांतून हवा ओढतो, मान तिरकी करतो, थोडं कठीण आहे म्हणतो, आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. जपानात सगळे समजत असतील. दुबईत ‘थोडा मुश्किल’ म्हणजे ‘होईल, जरा चहापाणी कर’ असं समजायची रीत होती. एका नाखव्याने ईदच्या आधी इंजिन मिळेल का विचारलं, साहेबांनी थोडा मुश्किल सांगितलं, आणि तो भला माणूस ईदपर्यंत रोज सकाळी दुकानासमोर येऊन बसला.

माझा मामेभाऊ सलीम याला मात्र ही भाषा कळली होती. बाविशीतला पोरगा, मीच गावाहून आणलेला. साहेबांच्या हाताखाली इंजिनाचं काम शिकला आणि वर्षभरात एका लाँचेवर इंजिन ड्रायव्हर म्हणून लागला. साहेबांना ल म्हणता यायचा नाही. ते त्याला ‘सारिमु’ म्हणायचे आणि तोही त्या नावाला खुशाल ओ द्यायचा. रोज सकाळी दात घासताना त्याची शिकवणी चालायची. “साहेब, बोलो, नहीं!” साहेब लाल व्हायचे. “न... हीं,” म्हणायचे, आणि लगेच वाकून सुमिमासेन. सगळी मेस हसून लोळायची. साहेबही हसायचे, तोंडावर हात धरून. त्यांची एक मुलगी होती जपानात, शाळकरी. सलीमच्या खोड्या पाहिल्या की मला तिची आठवण येते, असं ते एकदा म्हणाले होते.

सलीम ज्या लाँचेवर होता तिचा नाखवा पन्नाशीचा, खणखणीत आवाजाचा अरब. हिवाळ्याचे दिवस होते. त्याच्या इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप कुरकुरायला लागला होता आणि नवा पंप जपानहून येणाऱ्या बोटीत होता. नाखव्याला थांबायचं नव्हतं. इराणच्या किनाऱ्यावर माल पोचवायचा होता, खलाशी चढून बसले होते, माणसं धक्क्यावर निरोप द्यायला जमली होती. मी तेव्हा कस्टमात अडकलो होतो. पुढचं मी साहेबांकडून आणि तिथे उभ्या असलेल्यांकडून ऐकलं. नाखव्याने सगळ्यांसमोर साहेबांना हाक मारली. याबानी म्हणजे अरबीत जपानी. “क्यूं याबानी, तेरा इंजिन जाके आयेगा ना?”

साहेबांनी दातांतून हवा ओढली. मान कलती केली. हसले.

“थोडा मुश्किल है, नाखवा साहेब.”

“थोडाच ना?” नाखवा हसला. “समुद्रात सोपं काय असतं, हबीबी? यल्ला, चलो!”

सलीमला अर्थ कळला होता. तो कठड्याशी येऊन हळूच म्हणाला, “साहेब, फिकीर मत करो. मी पंपाजवळच बसून राहतो.” एका पांढऱ्या दाढीच्या माणसाला त्याच्या खलाशांसमोर, त्याच्या पोराबाळांसमोर खोटं पाडायचं कसं, हा विचार साहेबांच्या मनात चालू असतानाच लाँचेने दोर सोडले. ती वळणाआड जाईपर्यंत साहेब धक्क्यावर वाकून उभे होते.

शमाल सुटला तो दुसऱ्या दिवशी. वायव्येचा वारा, तो आला की खाडीतलं पाणीसुद्धा पांढरं होतं. चार दिवस कुठलीच लाँच बाहेर पडली नाही. मग जवळच्या उम्म अल क्वैन बंदराच्या एका लाँचेने दोन माणसं आणली, रिकाम्या पिंपांना धरून तरंगलेली. इंजिन तापून जाम झालं, लाँचेचं तोंड वाऱ्याकडे धरता येईना, ती आडवी झाली आणि लाटांनी भरली, एवढं त्यांनी सांगितलं. शेवटपर्यंत सलीम खाली इंजिनावर बादल्यांनी पाणी ओतत होता. नाखवा गेला, बाकीचे गेले. सलीमचं प्रेत किनाऱ्याला लागलं. ओळखायला मी गेलो.

देऱ्याच्या कब्रस्तानात त्याला दफन केलं. माती देऊन बाहेर आलो तर साहेब भिंतीपलीकडे उभे. आत यायची परवानगी आहे की नाही हे विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पवित्र जागा म्हणून त्यांनी बूट काढून हातात धरले होते आणि टोकदार खड्यांवर नुसत्या मोज्यांनी उभे होते. संध्याकाळी चाचांनी त्यांच्या तळव्यांना तेल लावलं.

कारखान्याची तार आली: अपघाताबद्दल कोणाशी काहीही बोलू नका. शेठ म्हणाले, बरोबर आहे. साहेबांनी शेठना वाकून नमस्कार केला, आणि मला घेऊन नाखव्याच्या घरी गेले. नाखव्याचा थोरला भाऊ अंगणात बसला होता. जुना पाणबुडा, डोळे जवळजवळ गेलेले. साहेब त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. त्यांच्याकडे मोठ्या गुन्ह्याची माफी अशी मागतात.

म्हाताऱ्याला जवळच्या माणसाने काय चाललंय ते सांगितलं मात्र, तो काठी घेऊन उभाच राहिला. “उठवा त्याला! सजदा फक्त अल्लाला!” त्याला घाईघाईने उठवलं. मी साहेबांचं म्हणणं अरबीत सांगायला लागलो: इंजिन टिकणार नाही हे यांना माहीत होतं, यांनी स्पष्ट सांगितलं नाही, चूक यांची आहे. म्हाताऱ्याने हात वर करून मला थांबवलं. “माझ्या भावाचं मरण अल्लाने लिहिलं होतं. हा कोण ते आपल्या नावावर घेणारा? मोती घेतले, ठीक आहे. आता मरणही हेच बनवतात काय?” मग जरा नरम होऊन म्हणाला, “त्याला कहवा द्या. आणि सांगा, आमचा राग नाही.”

साहेबांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं मी चुकून काही वाईट बोललो. बुडालेल्या खलाशांच्या घरोघरी तसंच. लोक गळ्यात गळा घालायचे, कहवा द्यायचे, खजूर पुढे करायचे आणि म्हणायचे, नशीब. राग कोणीच करेना. मीही केला नाही. मला तेवढं बळच नव्हतं, आणि रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसावर रागवायचं कसं तेही कळत नव्हतं.

साहेबांचं जेवण सुटलं. कामावर जात, परत येत, भिंतीला पाठ लावून बसत. मेसमध्ये कुजबुज सुरू झाली. जपानी माणूस अब्रू गेली की पोट फाडून घेतो हे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं. हुसेन चाचांनी घरातले सगळे चाकू, मासळीचा सुरा, इतकंच काय वस्तरेही गोळा केले आणि तांदळाच्या पोत्यात दडवले. दाढ्या वाढल्या. कांदा हाताने फोडून कालवणात पडू लागला, मासळी अख्खीच यायला लागली, डोक्यासकट. एका सकाळी साहेब आपण होऊन चुलीपाशी गेले. “चाचा, चाकू कहाँ है? मी कांदा कापतो.” कोणी वर बघेना. साहेबांनी आमच्या दाढ्यांकडे पाहिलं, ताटातल्या अख्ख्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं.

ते खाली बसले. मोडक्या हिंदीत, अडखळत, बोलत राहिले. इतकं एकदम बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“माझे वडील लढाईवर गेले तेव्हा सगळा गाव स्टेशनवर आला होता. जपानी शिपाई मरणाला भीत नाही म्हणून सगळे ओरडत होते. वडील पण ओरडत होते. मी त्यांचा हात धरला होता. तो हात थरथर कापत होता. ते मला एकट्यालाच माहीत आहे.” मग म्हणाले, “मला मरायचं नाही. माझी मुलगी लहान आहे. पण कोणी तरी माझ्यावर ओरडायला पाहिजे. इथे कोणी ओरडत नाही.”

हुसेन चाचा, ज्यांची बोट जपान्यांनी बुडवली होती, खरोखरच ओरडायला उठून उभे राहिले. मेहेरबानी म्हणून. “गाढवा!” असं मोठ्याने म्हणाले, पुढचा शब्द शोधू लागले, आणि तोंड फिरवून चुलीकडे गेले.

महिन्याभराने मी सलीमची ट्रंक घेऊन गावी निघालो. साहेब म्हणाले, मी येतो. कारखान्याने त्यांना परत बोलावलं होतं. त्या हुकुमाला मात्र त्यांनी खुशाल पाठ फिरवली. दुबईहून बोटीने मुंबई, तिथून कोकणच्या आगबोटीने दाभोळ, पुढे होडी. साऱ्या वाटेत मी त्यांना समजावत होतो की मामी, सलीमची आई, विधवा बाई आहे, साधी आहे, तीही नशीबच म्हणेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मामीने दारात ट्रंक पाहिली आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. मग परका पाहुणा दिसला म्हणून पदर डोक्यावर घेतला, मुलीला पाणी आणायला सांगितलं. साहेबांनी पाण्याचा तांब्या घेतला नाही. अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, गुडघे मुडपून बसले आणि मला म्हणाले, “सगळं सांगा. काही गाळू नका.”

मी सांगितलं. पंपाचं सांगितलं. नाखव्याने काय विचारलं, यांनी काय उत्तर दिलं, आणि त्या उत्तराचा यांच्या मुलखात काय अर्थ होतो तेही सांगितलं. मामी ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने एकच विचारलं.

“म्हणजे याला म्हाईत होतं?”

“होय, मामी.”

तिने मुलीच्या हातातला तांब्या घेऊन जमिनीवर आपटला. “मेल्या! मग तोंडाला काय टाके घातले होते तुझ्या? माझं पोर मरायला चाललं होतं आणि तू हसत उभा होतास? एक शब्द! एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती काय रे तुझी? कसली तुमची रीत, कसला तुमचा मुलूख! म्हाताऱ्याची अब्रू राखलीस, आणि माझं पोर?” शेजारच्या बाया धावत आल्या. मामी थांबेना. तिने साहेबांना शिव्या दिल्या, त्यांच्या आईबापांना दिल्या, इंजिन बनवणाऱ्यांना दिल्या, आणि सलीमला दुबईला नेलं म्हणून मलाही दिल्या. बातमी आल्यापासून ही बाई अवाक्षरही बोलली नव्हती असं नंतर तिच्या मुलीने सांगितलं. मी साहेबांसाठी भाषांतर करायला वाकलो, तर ते म्हणाले, “जरूरत नहीं.” पाठ ताठ ठेवून ते मामीच्या तोंडाकडे पाहत होते. डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून गालावर येत होतं आणि ते पुसत नव्हते. जपानी माणूस रडत नाही, असं माझंही एक मत होतं.

बोलून बोलून मामी थकली, पायरीवर बसली. ऊन माडांवरून उतरायला लागलं होतं. बायका आपापल्या घरी गेल्या. मामीने मुलीला सांगितलं, “पाणी दे त्याला. मघाचं सांडलं.”

आठवडाभर राहिले साहेब. ओटीवर झोपायचे. मामी त्यांच्याशी गोड कधी बोलली नाही, पण भाकरी थापता थापता विचारायची आणि मी मध्ये बसून सांगायचो. सलीम तिथे काय खायचा? नमाज पढायचा का? तिथे पण उशिरा उठायचा? साहेब विचारात पडले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खरं तेच सांगितलं: होय, रोज उशिराच उठायचा. मामी समाधानाने म्हणाली, “मला ठावं होतं. कितीदा सांगितलं मेल्याला.” हुकूम मोडल्याबद्दल कारखान्याने पुढे साहेबांना काढून टाकलं. आपल्या गावच्या बंदरावर ते मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करू लागले, एवढं मला नंतर कळलं. नव्या वर्षाला त्यांचं कार्ड यायचं, दोन ओळी इंग्रजी, एक समुद्राचं चित्र. बरीच वर्षं आलं. मग यायचं थांबलं.

मामी पुष्कळ जगली. मी दर रजेला जायचो तेव्हा संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजानंतर तिची दुआ ऐकायचो. आधी गेलेल्यांची नावं, नवऱ्यापासून सलीमपर्यंत. मग हात जरा वर करून हयात असलेल्यांची. मुलगी, जावई, नातवंडं, मी. आणि शेवटी, आवाज न बदलता, “आणि तो मेला जपानी, असेल तिथे सुखी ठेव.” कार्डं थांबल्यावर मी एकदा म्हणालो, “मामी, आता तो असेल की नसेल कोण जाणे.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. ती गेली त्यालाही आता खूप दिवस झाले; तिची ती दुआ आता मी मागतो. गेलेल्यांच्या नावांत तिचं नाव घालावं लागलं तेव्हा मी जरा अडखळलो. साहेबांचं नाव मात्र तिने जिथे ठेवलं होतं तिथेच, हयात असलेल्यांत, मी अजून घेतो.